आधी कुंपण, मग सोनार

२०१६ साली एक पथक जावा समुद्रात गेलं. २७ फेब्रुवारी १९४२ रोजी तिथे जपानी आरमाराशी लढताना डच युद्धनौका बुडाल्या होत्या. लढाईचं पंचाहत्तरावं वर्ष जवळ आलं होतं, त्यासाठी जहाजांची पाहणी करायची होती. जागा शोधायचा प्रश्नच नव्हता, हौशी पाणबुड्यांनी ती २००२ मध्येच शोधली होती. सोनार (आवाजाच्या प्रतिध्वनींवरून समुद्रतळ दाखवणारं यंत्र) फिरवला, आणि 'डी रॉयटर' व 'जावा' या दोन क्रूझर दिसल्याच नाहीत. दिसले ते त्यांचे साचे. गाळात जहाजाच्या आकाराचे खड्डे पडले होते आणि वर काही नव्हतं. सहा हजार टनांहून जड अशी दोन जहाजं भंगारासाठी समुद्राच्या तळावरून उचलून नेली गेली होती. 'कोर्टेनार' या तिसऱ्या नौकेचाही मोठा भाग गायब होता. शेकडो नौसैनिकांची ही कबर होती.

यंत्राने आपलं काम चोख केलं. खड्ड्याची लांबी-रुंदी अगदी बिनचूक सांगितली.

पाण्याखालच्या पुरातत्त्वाबद्दल आपण वाचतो ते बहुधा उलट्या टोकाचं असतं. अमुक यंत्र खाली सोडलं आणि तमुक शतकाचं जहाज सापडलं, टाळ्या. नवं तंत्रज्ञान वापरावं की नाही, यावर वाद घालण्यात हशील नाही, ते आलेलंच आहे आणि बरंच स्वस्तही झालंय. वाद घालायचा तो क्रमावर. आज आधी शोध लागतो, मग बातमी होते, मग मालकीवरून भांडण लागतं, आणि संरक्षणाची पाळी सगळ्यांत शेवटी येते, तीही उरलंसुरलं असेल तर. माझं म्हणणं एवढंच, की हा क्रम फिरवायला हवा. सापडल्यावर काय करायचं हे ज्यांनी आधी लिहून दिलेलं नाही, त्यांना वारसा शोधायला सोनार पाण्यात सोडू देऊ नये.

हे जरा आडमुठेपणाचं वाटेल, म्हणून आधी या यंत्रांचं ऋण मान्य करतो. समुद्रात दोनशे मीटरच्या खाली जवळजवळ अंधारच असतो. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरींचा निभाव लागत नाही, त्यामुळे खाली जीपीएसचा उपयोग शून्य. उरतो आवाज. हवेत तो सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, समुद्रात १,५०० च्या आसपास, आणि पुष्कळ लांबवर पोचतो. साइड-स्कॅन सोनार म्हणजे बोटीमागे केबलने ओढत न्यायचं एक लांबट नळकांडं, या धंद्यातले लोक त्याला 'फिश' म्हणतात. ते दोन्ही बाजूंना आवाजाचे ठोके सोडतं आणि तळावरून परत येणारे प्रतिध्वनी ओळीला ओळ जोडून त्यांचं चित्र बनतं.

हे चित्र पडद्यावर कसं दिसतं ते एकदा नीट पाहण्यासारखं आहे. तांबूस-पिवळी पट्टी सरकत राहते. मधोमध एक काळा पट्टा असतो, ते फिशच्या खालचं नुसतं पाणी. दोन्हीकडे तळ. वाळूच्या सुरकुत्या दिसतात, ट्रॉलरच्या जाळ्याने ओढलेले लांबच लांब ओरखडे दिसतात, आणि मग तासन्‌तास काही नाही. अचानक एक उजळ ठिपका येतो आणि त्यामागे काळी सावली. नवखा माणूस ठिपक्याकडे बघतो, जाणकार सावलीकडे. ठिपका एवढंच सांगतो की इथे काहीतरी टणक आहे. ते तळापासून किती वर आलंय, त्याची कड सरळ आहे का, वर डोलकाठीसारखं काही उभं आहे का, हे सावलीवरून कळतं. उतरत्या उन्हात रस्त्यावर पडलेल्या लांब सावलीवरून माणूस ओळखावा, तसंच हे. मी पहिल्यांदा अशी चित्रं पाहिली तेव्हा मला सगळे खडक जहाजंच वाटत होते.

गाळाखाली गाडलेलं पाहायचं असेल तर कमी वारंवारितेचा आवाज तळात घुसवतात. लोखंड हुडकायला मॅग्नेटोमीटर असतो. त्याला जहाज दिसत नाही, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात पडलेली लहानशी विकृती तेवढी कळते. आणि वस्तू नजरेच्या टप्प्यात आली की हजारो छायाचित्रं एकमेकांना जोडून तिची त्रिमितीय प्रतिकृती तयार होते. या शेवटच्या तंत्राकडे पुढे परत येऊ, कारण माझ्या मते खरी क्रांती तिथे आहे.

या साधनांनी दिलेलं पाहिलं की माणूस थक्क होतो. काळ्या समुद्रात साधारण दीडशे-दोनशे मीटरच्या खाली पाण्यात प्राणवायू नाही, त्यामुळे लाकूड खाणारे जीवही नाहीत. तिथे बुडालेल्या प्राचीन किनारपट्टीचा अभ्यास करायला गेलेल्या पथकाला तीन वर्षांत साठाहून अधिक जहाजं दिसली. त्यातलं एक ग्रीक जहाज सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचं, २३ मीटर लांब, दोन किलोमीटरहून खोल. डोलकाठी जागेवर, वल्हेकऱ्यांच्या बसायच्या फळ्यासुद्धा जागेवर. तिथे कोणी पाणबुड्या जाऊ शकला नसता. इजिप्तच्या अबू किर उपसागरात पाण्याखालचे पुरातत्त्वज्ञ फ्रांक गोदिओ यांच्या पथकाने मॅग्नेटोमीटर आणि सोनारच्या जोरावर जेमतेम दहा मीटर पाण्याखालचं थोनिस-हेराक्लिऑन हे अख्खं बंदर शोधलं. इजिप्शियन मंडळी ज्याला थोनिस म्हणत आणि ग्रीक ज्याला हेराक्लिऑन, ती दोन शहरं नसून एकच होतं, हे तिथल्या शिलालेखामुळे पक्कं झालं.

पण यंत्राचं चित्र म्हणजे पुरावा नव्हे. २००९ च्या फेब्रुवारीत गूगल अर्थवर कॅनरी बेटांच्या पश्चिमेला समुद्रतळावर काटकोनात छेदणाऱ्या सरळ रेषांचं प्रचंड जाळं दिसलं आणि ॲटलांटिस, म्हणजे दंतकथेतली समुद्रात बुडालेली नगरी, सापडल्याच्या बातम्या झाल्या. खुलासा आला तो असा: सोनार लावलेल्या सर्वेक्षण बोटी ज्या मार्गांनी गेल्या, त्यांच्याच त्या खुणा. बोट गेली तिथली खोली तपशीलवार मोजलेली, मधली ढोबळ अंदाजाची, म्हणून मार्ग उठून दिसले. माणसाने आपल्याच पाऊलखुणा पाहून तिथे कोणीतरी राहतं असं ठरवावं, तसा प्रकार.

खंबातच्या आखाताचं प्रकरण यापेक्षा गंभीर. राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या सोनार सर्वेक्षणात तिथे तळावर भौमितिक आकार दिसले, आणि २००१ मध्ये बुडालेलं प्राचीन शहर सापडल्याचं जाहीर झालं. ड्रेजने खरवडून काढलेल्या वस्तूंमधल्या एका लाकडाचं वय सुमारे ९,५०० वर्षं आलं. आक्षेप लगेच आले आणि ते रास्त होते. लाकूड जुनं असेल, पण ते त्या जागेचं कशावरून? खंबातचा प्रवाह भयंकर जोरदार, तो कुठली वस्तू कुठे नेऊन टाकेल याचा नेम नाही. ड्रेज तर थर-बिर पाहतच नाही, सगळं एकत्र ओरबाडून वर आणतो. पुरातत्त्वात वस्तूइतकीच किंमत ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी पडली होती याला असते, आणि नेमकी तीच माहिती वस्तू वर आणताना नष्ट झाली. तिथे काही होतं की नव्हतं, यावर मी मत देणार नाही. मला खटकतं ते हे, की आधी घोषणा झाली आणि शंका मागून आल्या.

आता सोनारचित्रं वाचायचं काम संगणकाला शिकवलं जातंय. २०२१ मध्ये टेक्सस विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकी नौदलाबरोबर तयार केलेल्या अशा प्रणालीने आधीच माहीत असलेली जहाजं सुमारे ९२ टक्के अचूकतेने ओळखली. 'आधीच माहीत असलेली' हे तीन शब्द बातमीत हरवतात. ज्या जहाजांचा आकार शाबूत आहे, जी तळावर उठून दिसतात, त्यांवरच यंत्र शिकतं. गाळात मिसळून गेलेली लाकडी होडी, किंवा लाकूड कधीच किड्यांनी खाल्लंय आणि मागे फक्त रांजणांचा ढीग उरलाय, अशी जागा त्याला कोण दाखवणार? अशा यंत्राच्या भरवशावर 'इथे काही नाही, खुशाल पाइपलाइन टाका' असा शेरा मारला गेला तर त्याला दाद ना फिर्याद.

आणि नव्या सर्वेक्षणांसाठी एवढी घाई कशाला, हा माझा पुढचा प्रश्न. काखेत कळसा अशी आपली गत आहे. १९३१ साली उत्तर समुद्रात एका ट्रॉलरच्या जाळ्यात पीट मातीचं ढेकूळ आलं. ते फोडल्यावर आतून हरणाच्या शिंगाचं काटेरी हत्यार निघालं. म्हणजे आज जिथे समुद्र आहे तिथे माणसं शिकार करत होती. या बुडालेल्या भूमीला डॉगरलँड म्हणतात, आणि हिमयुगाच्या ऐन भरात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती हे लक्षात घेतलं की अशा भूमी जगभर किती असतील याची कल्पना येते. पण डॉगरलँडचा नकाशा तयार झाला तो कुठून? पुरातत्त्वज्ञ व्हिन्सेंट गॅफनी आणि सहकाऱ्यांनी तेल-वायू शोधण्यासाठी एका कंपनीने आधीच गोळा केलेली भूकंपीय माहिती (तळाखालच्या थरांत लहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून मिळवलेली) मागून घेतली आणि तेलाच्या लोकांना नको असलेला वरचा थर वाचला. नद्या, तळी, किनारे हाती आले, सुमारे २३,००० चौरस किलोमीटरचे. पुरातत्त्वासाठी वेगळी एक बोटही सोडावी लागली नाही.

अशी माहिती तेल कंपन्यांकडे, समुद्राखालून केबल टाकणाऱ्यांकडे, पवनचक्क्या उभारणाऱ्यांकडे ढिगाने पडून आहे. एमएच-३७० हे बेपत्ता विमान शोधताना हिंदी महासागराचा १,२०,००० चौरस किलोमीटर तळ तपासला गेला. विमान मिळालं नाही, एकोणिसाव्या शतकातली बुडालेली जहाजं मात्र मिळाली. तो सगळा डेटा खुला केला गेला, हे फार चांगलं झालं. समुद्राकडून नफा कमावण्याचा परवाना घेणाऱ्या प्रत्येकाला तळाची माहिती वारसा सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे देणं बंधनकारक असावं. व्यापारी गुपिताची सबब काही वर्षं चालेल, कायमची चालू नये.

इथे एक भ्रमही दूर करायला हवा. जगाच्या समुद्रतळाचा नकाशा करण्याचा 'सीबेड २०३०' हा मोठा उपक्रम आहे. २०२५ पर्यंत त्यात तळाचा सुमारे २७ टक्के भाग आला. नकाशा पुरा झाला की सगळी जहाजं दिसतील, असं लोकांना वाटतं. पण खोल समुद्रात त्या नकाशाचा एकेक चौकोन चारशे मीटरचा, कुठे आठशेचा. काळ्या समुद्रातलं ते जहाज २३ मीटरचं आहे.

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित साधन वेगळंच आहे. १९८२ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर स्पंज काढणाऱ्या एका बुड्याने आपल्या कप्तानाला सांगितलं, खाली धातूची बिस्किटं पडली आहेत, त्यांना कान आहेत. कान असलेली बिस्किटं म्हणजे कांस्ययुगातले तांब्याचे ठोकळे, चारही कोपरे ओढून लांब केलेले. कप्तानाला त्याचं मोल कळलं, कारण त्याआधी संशोधक गावोगाव फिरून बुड्यांना अशा ठोकळ्यांची चित्रं दाखवत होते. अशा रीतीने उलुबुरुनचं जहाज सापडलं, इसवीसनापूर्वी चौदाव्या शतकातलं. दहा टन तांबं, टनभर कथील. १९८४ ते १९९४ अशी अकरा वर्षं आणि बावीस हजारांहून जास्त बुड्या मारून ते खणलं गेलं. या शोधामागचं तंत्रज्ञान म्हणजे कागदावरचं एक चित्र, आणि ते दाखवत फिरण्याचा धीर.

फ्रँकलिन या ब्रिटिश दर्यावर्द्याच्या मोहिमेची गोष्ट तर लाजिरवाणी आहे. १८४५ मध्ये निघालेली 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजं १२९ माणसांसह आर्क्टिकमध्ये हरवली. १८५४ मध्ये जॉन रे या प्रवाशाने इन्युइटांकडून, म्हणजे आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांकडून, ऐकलेली हकीकत लंडनला कळवली, आणि प्रतिष्ठित मंडळींनी 'रानटी' लोकांच्या साक्षीला झिडकारलं. २०१४ मध्ये 'एरेबस' सापडलं ते इन्युइट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले त्या परिसरात. 'टेरर'चं तर त्याहून विलक्षण. एका इन्युइट गृहस्थाने काही वर्षांपूर्वी बर्फातून वर आलेलं मोठं लाकूड पाहिलं होतं, त्याला मिठी मारून फोटोही काढून घेतला होता. परतताना कॅमेरा हरवला. अपशकुन समजून तो गप्प राहिला. २०१६ मध्ये त्याने शोधबोटीवर ही गोष्ट सांगितली, बोट त्या खाडीकडे वळली, आणि सोनारवर जहाज उमटलं. किनाऱ्यावरच्या माणसांना जाळं कुठे अडकतं ते ठाऊक असतं. सोनारच्या निविदा निघतात, या माणसांशी बोलण्यासाठी मात्र कुठेच पैसा नसतो. आणि सोनार दहा वर्षांनीही बाजारात असेल, ही माणसं असतीलच असं नाही. दोन-तीन किलोमीटर खोल पाण्यात कोणाचं जाळं अडकत नाही, तिथे यंत्राला पर्याय नाही, हे कबूल.

आता सापडल्यानंतरचं. स्टॉकहोमच्या बंदरात १६२८ साली बुडालेलं 'वासा' हे जहाज १९६१ मध्ये वर काढलं. शतकानुशतकं पाण्यात राहिलेल्या लाकडाची गंमत अशी की त्याच्या पेशींचा बराचसा भाग खाल्ला गेलेला असतो आणि आकार टिकून असतो तो केवळ आत भरलेल्या पाण्यामुळे. नुसतं वाळवलं तर ते आक्रसतं, तडकतं. म्हणून 'वासा'वर पॉलिइथिलीन ग्लायकॉल या, लाकडात पाण्याची जागा घेणाऱ्या रसायनाचा फवारा मारत राहिले, सतरा वर्षं. पुढे कळलं की लाकडात मुरलेल्या गंधकाचं आम्ल होतंय आणि जुने लोखंडी बोल्ट त्याला हातभार लावताहेत. काम अजून चालूच आहे. इंग्लंडचं 'मेरी रोज' १९८२ मध्ये बाहेर आलं, त्यावरचे फवारे थांबले २०१३ मध्ये. जहाज बाहेर काढणं म्हणजे तीन पिढ्यांसाठी दवाखाना उघडणं. ज्यांना हे झेपलं त्यांना मी नमस्कार करतो. ज्यांना झेपणार नाही त्यांनी वस्तू वर आणणं म्हणजे तिला मारणंच.

ज्यांना वारसा नकोच आहे, माल हवाय, त्यांच्याकडेही हीच यंत्रं आहेत. २००७ मध्ये एका अमेरिकी कंपनीने १८०४ साली बुडालेल्या स्पॅनिश 'मेर्सेडेस' या जहाजावरची सुमारे ५,९४,००० नाणी उचलून विमानाने फ्लोरिडाला नेली. खटला चालला आणि २०१२ मध्ये नाणी स्पेनला परत करावी लागली. नाणी परत आली, पण ती तळावर कशी विखुरली होती, त्यांच्याजवळ काय होतं, ते कुठून परत येणार? कोलंबियाजवळ १७०८ मध्ये बुडालेलं 'सान होसे' २०१५ मध्ये स्वयंचलित पाणबुडी वाहनाने शोधलं, तोफांवर कोरलेल्या डॉल्फिनवरून ओळख पटली. तेव्हापासून त्यातल्या सोन्यावर कोलंबिया, स्पेन, एक शोधकंपनी आणि ज्यांच्या पूर्वजांना खाणीत राबवून ती संपत्ती काढली ते बोलिव्हियातले मूळ रहिवासी, असे सगळे हक्क सांगताहेत. जहाजाबरोबर सुमारे सहाशे माणसं बुडाली, हे या भांडणात कोणाला आठवत नाही.

युनेस्कोचा २००१ चा करार याबाबत स्पष्ट आहे. व्यापारी लूट नाही, आणि शक्यतो वस्तू जागेवरच राहू द्यायची. २००९ पासून तो लागू आहे. पण अमेरिका, ब्रिटन यांसारखे मोठे सागरी देश त्यात नाहीत, आणि संरक्षण मिळतं ते किमान शंभर वर्षं पाण्याखाली असलेल्या गोष्टींनाच. जावा समुद्रातली ती जहाजं या हिशेबाने २०४२ मध्ये वारसा ठरली असती.

'जागेवरच राहू द्या' यावर हमखास आक्षेप येतो: तिथे ट्रॉलर फिरतात, किडे लाकूड खातात, चोर येतात, राहू दिलं तर उरेल काय? आक्षेप खरा आहे, जावा समुद्र त्याला साक्ष. पण त्याचं उत्तर सगळं उपसून काढणं नव्हे. राहू देणं म्हणजे पाठ फिरवणं नव्हे, हे आता तंत्रज्ञानानेच शक्य केलंय. एका जागेची त्रिमितीय प्रतिकृती या वर्षी केली, पुढच्या वर्षी केली, दोन्ही एकावर एक ठेवल्या की कोणती फळी सरकली, कुठे नवा ओरखडा आला, कोणता रांजण नाहीसा झाला, हे बोटाएवढ्या फरकापर्यंत कळतं. शोधण्यासाठी एकदा, राखण्यासाठी दर वर्षी. जिथे ऱ्हास थांबत नाही असं या मोजणीतून दिसेल तिथे जरूर खणा, त्याची कारणं मग कागदावर असतील. लोकांना पाहायला ती प्रतिकृती द्या, पूर्णपणे. जागेचे अक्षांश-रेखांश मात्र देऊ नका. छोट्या बोटीवर बसवायचा साइड-स्कॅन सोनार आता कोणीही विकत घेऊ शकतो, तेव्हा खोली किंवा अडाणीपणा हे कुलूप राहिलेलं नाही. जागा जाहीर करणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणं.

आधी संरक्षण आणि मग शोध हे व्यवहारात जमतं का? एकदा जमलंय. ध्रुवप्रदेशाचे शोधप्रवासी शॅकल्टन यांचं 'एन्ड्युरन्स' हे जहाज १९१५ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात बर्फाने चिरडून बुडालं. २०१९ मध्ये एका मोहिमेने ते शोधताना आपलं स्वयंचलित वाहनच बर्फाखाली गमावलं. पण त्याच वर्षी अंटार्क्टिक करारातल्या देशांनी न सापडलेल्या त्या जहाजाला ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केलं. ५ मार्च २०२२ रोजी ते ३,००८ मीटर खोलीवर दिसलं, कप्तान फ्रँक वर्स्ली यांनी सेक्स्टंटने (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून जागा काढायच्या उपकरणाने) काढून नोंदवलेल्या जागेपासून सुमारे चार सागरी मैल दक्षिणेला. मागच्या बाजूवर नाव अजून वाचता येत होतं. छायाचित्रं घेतली, मोजमापं घेतली, वर काहीही आणलं नाही. आणायची मुभाच नव्हती. पुढे त्याच्याभोवतीचा संरक्षित घेर पाचशे मीटरवरून दीड हजार मीटरपर्यंत वाढवला, कारण जहाजाचे तुकडे आणि खलाशांचं सामान आसपास विखुरलेलं असणार, आणि उद्या मासेमारी त्या बर्फापर्यंत पोचू शकते.